सहा सुतांचं दार

शिरपूरला आमचं घर बांधलं, तेव्हा चौकट मी मोठ्या भावाला सांगितली आणि दार धाकट्याला. दोघेही सुतार. बाप गेल्यावर त्याच्या रंध्यावरून भांडले, ते चार वर्षं बोलले नव्हते. दार बसवताना तरी समोरासमोर येतील, एवढाच माझा कावा.

सोनगीरच्या झुलालभाऊनं चौकट बसवून मला माप सांगितलं: दोन फूट नऊ इंच, सहा सूत. आठ सुतांचा इंच, हे सुताराच्या पोरीला शिकवावं लागत नाही. मी तेच माप धुळ्याला निंबाला कळवलं.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी निंबा दार घेऊन आला. उभं केलं, तर कडेला बोट जाईल एवढी फट.

झुलालभाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "त्याले सांग, मी सहा सूत सांगेल व्हतं."

निंबाही मलाच म्हणाला, "त्याले सांग, मी सहाच सूत मोजेल व्हतं."

 आता हे जन्मात बोलायचे नाहीत.

निंबानं पट्टी काढली. बाजारात नुकतीच आलेली, दशमानाची. एका कडेला इंच, त्यात अर्ध्या-पावाच्याच खुणा. दुसऱ्या कडेला बारीक रेघा. इकडे इंच आणि तिकडे सुतं, असं त्यानं धरलं होतं.

झुलालभाऊनं आपली घडीची फूटपट्टी शेजारी ठेवली. "आठ रेघांना इंच. ह्या पट्टीवर त पंचवीस दिखतस."

"पंचवीस, नि वर थोडं."

"थोडं म्हंजे कितलं?"

"कोन जाने, भाऊ."

भाऊ म्हणाला तो. दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही. पट्ट्या उलट्या करून, सुलट्या करून दोघं रेघा मोजत बसले आणि दर वेळी नवाच आकडा निघाला.

आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, शाळेतून आले. पट्टी बघून माझ्या कानाशी म्हणाले, "ती सुतं नाहीत, मिलिमीटर आहेत. सहा सुतांऐवजी सहा मिलिमीटर धरले त्यानं. समजावू का?"

"चहा प्या गुपचूप," मी म्हटलं. गोंधळले होते म्हणून तर बोलत होते.

शेवटी कंटाळून दोघांनी दाराला सागाचा तुकडा जोडायचं ठरवलं. निंबानं तुकडा दाबून धरला आणि वर न बघताच हात पुढे केला. "भाऊ, रंधा दे."

झुलालभाऊ थबकला. पिशवीत बापाचाच रंधा होता. त्यानं तो काढला, धोतरानं पुसला आणि निंबाच्या हातात दिला.

मी चुलीपाशी जाऊन पोटभर रडून घेतलं.