आबारावांची अखंड पट्टी

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात येरमाळ्याच्या फाट्यावर आमच्या दूध संघाची चारा छावणी होती. संघात तेव्हा दूध सोडून सगळं होतं. संचालक होते, अध्यक्ष होते आणि अध्यक्षांना फिरायला पांढरी अँबॅसिडर होती. या गाडीच्या दारांवर ओरखडे पडतात, ही आमच्या अध्यक्षांची, म्हणजे आबारावांची, त्या दुष्काळातली सगळ्यात मोठी चिंता. बाजारात लोक सायकली टेकवतात म्हणे गाडीला.

मग मुंबईच्या भाच्यानं त्यांना काळ्या रबरी पट्ट्या आणून दिल्या. मागचा कागद सोलायचा, पट्टी दारावर आडवी दाबायची आणि दिवसभर वाळू द्यायची. ओरखडा पट्टीवर जातो, रंग वाचतो. छावणीतल्या जनावरांच्या बरगड्या मोजता येत होत्या, त्यावर भाच्याकडं काही नव्हतं.

पट्ट्या बसवायला आबारावांनी नेमका बैठकीचा दिवस काढला. छावणी मोडायची की पावसापर्यंत चालवायची, ते त्या दिवशी संघाच्या कचेरीत ठरणार होतं. निम्मे संचालक मोडा म्हणत होते, निम्मे चालवा म्हणत होते, आबारावांच्या मतावर सगळं अडलं होतं. छावणी मोडू देणार नाही, असा शब्द त्यांनी येडेश्वरीच्या देवळापुढं सगळ्यांदेखत दिला होता. आमची जनावरं त्या शब्दावर उभी होती. म्हाताऱ्या हरणाबाईला तर एका म्हशीशिवाय कोणी नव्हतं.

कचेरीपुढं लिंबाच्या सावलीत गाडी लावली आणि फाट्यावरच्या पंक्चरवाल्या लिंबाजीला बोलावलं. दारं स्वच्छ हवीत, म्हणून टँकरचं पाणी आधी गाडीला मिळालं. बाया रिकाम्या घागरी घेऊन बघत उभ्या राहिल्या. गाडीला तहान लागली असेल बिचारीला.

दारांचे खटके ढिले होते. पट्टी दाबताना आतून कोणीतरी दार ओढून धरायला हवं होतं. लिंबाजी आत शिरू लागला तसे आबाराव म्हणाले, "तू न्हाय. कव्हरं पांढरी हायत."

लिंबाजीचे कपडे तेलकट होते, हे खरं. पण तसेच तेलकट कपडे घालून ड्रायव्हर महांतप्पा रोज त्याच कव्हरावर बसायचा. लिंबाजी बौद्धवाड्यातला होता, एवढाच काय तो फरक. महांतप्पाला पट्टीचं दुसरं टोक धरायचं होतं, म्हणून शेवटी आबाराव स्वतःच आत जाऊन बसले.

दाराच्या फटीपाशी पट्टी कापायला लिंबाजीनं ब्लेड काढलं.

"कापतो काय?" आबाराव आतून ओरडले. "मुंबईची वस्तू हाय. अखंड बसव."

"पर साहेब, दार..."

"डोकं चालवू नको. सांगतो तेवढं कर."

लिंबाजीनं सांगितलं तेवढं केलं. पुढच्या मडगार्डापासून मागच्या मडगार्डापर्यंत, दोन्ही दारांवरून, सरळसोट अखंड पट्टी. मग तशीच दुसऱ्या बाजूला. काम अगदी देखणं झालं.

तेवढ्यात शिपाई आला. बैठक सुरू झाली होती. आबारावांनी दार ढकललं. दार हलेना. दुसरं ढकललं, तेही हलेना.

"जोर लावू नका साहेब," लिंबाजी शांतपणे म्हणाला. "दिवसभर वाळू द्या, न्हायतर उचकटंल. तुमच्या भाच्यानंच सांगितलंय."

मी हसू दाबायला जनावरांकडं तोंड फिरवलं. आबारावांनी खिडकीतून निघायचा प्रयत्न केला. डोकं आलं, एक खांदा आला, पोट काही येईना. त्या पोटावर संघाचं बरंच दूध खर्ची पडलं होतं.

शिपाई वर जाऊन आला. अध्यक्ष खुर्चीत बसल्याशिवाय त्यांचं मत धरणार नाही, असं मोडा म्हणणाऱ्यांनी सांगितलं होतं. कळंबची एसटी आली की ते उठून जाणार होते. मग गणपूर्तीअभावी छावणी चालवायचा ठराव बारगळणार आणि छावणी मोडणार होती.

"कापा की ती पट्टी," आम्ही सगळे म्हणालो.

"ब्लेड लावाल तर खबरदार!" आबाराव घामानं निथळत होते, तरी डोळे पट्टीवरच होते. "एसटीला कायम उशीर होतो. बघू."

जनावरं कसायाकडं गेली तरी चालतील, पट्टी अखंड राहिली पाहिजे. असा संताप मला आयुष्यात आला नव्हता. ह्या माणसाला आम्ही मतं दिली होती.

हरणाबाई विळा घेऊन पुढं आली.

"आबाराव, शब्द दिलाय तुमी."

"म्हातारे, लांब हो. मुंबईची हाय ती."

"पट्टी मुंबईहून दुसरी येईल. म्हस मला कुठनं येईल?"

तिनं विळ्याचं टोक दाराच्या फटीत घातलं आणि वरून खाली ओढलं. दार उघडलं. आबाराव उतरले, आधी कापलेली पट्टी चाचपली आणि मग जिना चढले. त्यांनी मत दिलं, छावणी राहिली. खाली त्यांच्या नावाचा जयजयकारसुद्धा झाला. आपली माणसं लगेच विरघळतात.

दुसऱ्या दिवशी हरणाबाई चारा घ्यायला गेली तर शिपाई मान खाली घालून म्हणाला, "मावशी, छावणीच्या यादीतनं तुमचं नाव कमी केलंय. संघाच्या मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून."

ती भांडली नाही. म्हैस सोडली, थेट आबारावांच्या घरी नेली आणि उभ्या गाडीच्या दाराच्या हँडलला दावं बांधून पक्की गाठ मारली.

"आबाराव!" तिनं हाक दिली. "गाडी संघाची हाय न्हवं? मग संघानंच सांभाळावी माझी म्हस."

भुकेल्या म्हशीनं मान हिसडली. हँडल करकरलं. आबाराव अनवाणी धावत बाहेर आले.

"आरं, कडबा आणा! आधी कडबा आणा, हँडल निघंल!"

अख्ख्या दुष्काळात एखाद्या जनावराच्या पोटासाठी त्यांना पळताना आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. महांतप्पा पेंढ्या घेऊन आला.

"आधी नाव लिवा," हरणाबाई म्हणाली.

आबारावांनी यादीत नाव परत लिहिलं. तरी म्हशीनं कडबा संपवेपर्यंत तिनं गाठ सोडली नाही.