जोतीरामच्या दंडावरचे पाच दिवस

मित्रांनो, मी एक जुनं रक्तदाब मोजायचं यंत्र आहे. काचेच्या नळीत पारा, रबरी फुगा आणि दंडाला गुंडाळायचा पट्टा, एवढाच माझा संसार. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या डॉक्टर मुजावरांच्या बॅगेत मी वीस वर्षं काढली. लोक डॉक्टरांना हात जोडत, मला कुणी विचारत नसे. याचा मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

१९७४ सालचे ते पाच दिवस मात्र विसरणं शक्य नाही. जोतीराम लेथवर काम करायचा आणि रोज दारू प्यायचा. त्याला लहानाचा मोठा करणाऱ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, जोतिबाचा गुलाल हातात देऊन त्याला शपथ घ्यायला लावली. दारू त्या क्षणी सुटली. दुसऱ्या सकाळी त्याचे हात कापू लागले, अंगाला घाम फुटला, तशी आक्कानं डॉक्टरांना घरी बोलावलं.

“दारू अशी एकदम तोडली की जिवावर बेततं. दवाखान्यात ठेवूया,” डॉक्टर म्हणाले.

“नगं डॉक्टर. गल्लीत बभ्रा हुईल. हितंच बघा की!” आक्कानं पदर पसरला.

डॉक्टरांनी सुई टोचली, गोळ्या दिल्या, वेळा सांगितल्या. दिवसातून तीनदा ते मला घेऊन येत. उपचाराच्या दुसऱ्या दिवशी थरथर थांबली, पारा उतरला. मला वाटलं, जिंकलं.

तिसऱ्या दुपारी जोतीराम भिंतीवरच्या नसलेल्या मुंग्या झटकत होता. आक्कालाही ओळखेना. पट्टा कसाबसा बांधला, तर पारा एकशे नव्वदवर गेला. मी घाबरून गेलं होतं.

“गोळ्या वेळेवर दिल्या ना, आक्का?”

“कालपासनं न्हाय दिल्या. थरथर थांबली न्हवं? मग गरम गोळ्या कशापायी पोटात घालायच्या?”

डॉक्टरांनी बॅग उघडली. “चूक माझी. थांबली तरी द्यायच्या, हे मी सांगितलंच नाही.”

त्यांनी इंजेक्शन दिलं आणि दारात रिक्षा उभी करवली. “तासाभरात पारा उतरला नाही, तर बभ्रा होवो नाहीतर काही होवो, न्यायचंच!” ते दर दहा मिनिटांनी फुगा दाबत होते. एकशे ऐंशी. पुन्हा एकशे ऐंशी. मग एकशे साठ. तास संपता संपता जोतीराम पुटपुटला, “आक्के, पाणी दे.” रिक्षा रिकामी परत गेली.

पाचव्या दिवशी तो भाकरी खात बसला. माझं झाकण लावताना डॉक्टरांना दाराला टेकलेली आक्का दिसली.

“हात द्या बघू.”

“मला काय धाड भरलीया?” ती हसली.

माझा पारा दोनशेच्या वर गेला. पाच दिवस तिच्या डोळ्याला डोळा नव्हता, आणि माझ्यासकट कुणीच तिच्याकडे पाहिलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

आता मी कपाटात आहे, पट्टाही विरलाय. मित्रांनो, मला विचारलं नाहीत तरी चालेल. पण घरात कुणी आजारी पडलं, तर त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाचाही हात एकदा हातात घेऊन बघा.