तेलाचा डाग जाता जाईना

मित्रांनो, मी एक जुनी घासणी आहे. अंग घासायची, हिरव्या नायलॉनची. भांड्यांच्या घासणीशी माझं लांबचं नातं आहे, पण आमचं जाणं-येणं नाही.

सर्फराजभाईंनी मला रत्नागिरीच्या बाजारात घेतलं आणि सुक्या बांगड्यांच्या पिशवीतून कुवेतला आणलं. पहिला महिनाभर ते अंघोळ करून आले की जास्तच वास यायचा. कुणी तक्रार केली नाही. घरची माणसं कोकणातलीच.

सर्फराजभाई शुवैखच्या गॅरेजात इंजिनं खोलतात. संध्याकाळी सालमियाला घरी आले की त्यांना पुन्हा माणूस करायचं काम माझं. काळं पाणी वाहून जायचं आणि ते म्हणायचे, "वा, काय घासते!" काय दिवस होते ते!

मग त्यांच्या खांद्यांवर, गळ्याच्या हाडांवर काळे पट्टे दिसू लागले. "इंजिन ऑइल मुरलंय," ते म्हणाले. मी जोर लावला. पट्टे वाढले. मी आणखी जोर लावला.

"अहो, कातडं काढशाल!" त्यांच्या पत्नी अस्माभाभी दाराबाहेरून ओरडायच्या.

"काढतोच आहे. खाली नवं असेल!"

पण आतून ते घाबरले होते. कॅन्सर असला तर? चार वर्षांची अलिना हात वर करून "अब्बा, अप!" म्हणायची. त्यांनी तिला खांद्यावर घेणंच सोडलं. म्हणायचे, "नको बाळा, तुलाही लागेल."

शेवटी भाभींनी त्यांना कुवेतमधल्याच, मूळच्या नाशिकच्या, कातडीच्या डॉक्टर जुईलींकडे नेलं. डॉक्टरांनी पट्ट्यावर स्पिरिटचा कापूस चोळला. कापूस पांढराच राहिला. मग दिव्याच्या भिंगातून बघितलं आणि विचारलं, "अंग कशाने घासता? उद्या घेऊन या."

मला वाटलं, सत्कार आहे. मी मुद्दाम वाळून गेले.

डॉक्टरांनी मला टेबलावर ठेवलं. "पाठीच्या मधोमध हात पोचत नाही ना? तिथे कातडी स्वच्छ आहे. हाडांवर ही जोरात फिरते, तिथेच काळं. घासून घासून झालंय हे. कॅन्सर नाही, कुणाला लागणारंही नाही."

"आणि तेल?"

"ते रोज पहिल्या मिनिटातच जात होतं. पुढे तुम्ही स्वतःलाच घासत होता. आता हाताने साबण लावा. काही महिन्यांत फिकं होईल."

त्या संध्याकाळी मी भाभींच्या उघड्या पर्समधून सगळं पाहिलं. "अब्बा, अप!" आणि या वेळी, "ये." अलिनाने खांद्यावरचा पट्टा बोटाने चोळला, बोट निरखलं आणि जाहीर केलं, "नथिंग!" सर्फराजभाई बराच वेळ तिला खाली ठेवेनात.

मित्रांनो, डाग जात नसेल तर जोर लावू नका, आधी दाखवा. आम्हा घासण्यांना कळत नाही कुठे थांबायचं. थांबायचं तुम्हीच.