मधल्या जहाजांनी कान झाकावेत

बारशाच्या सकाळी दाभोळच्या घरात पोर पाळण्यातून वर तरंगू लागली, तेव्हा तिची आत्या हर्षदा डोर्लेकर भर समुद्रात मालवाहू जहाजावर होती. घरात कुणी आरडाओरडा केला नाही. नाव नसलेलं मूल हलकंच असायचं. वहिनीनं दुपट्याला दोरी बांधली, दुसरं टोक पाळण्याला अडकवलं आणि फोन लावला.

"वन्सं, कौलांना लागेल हो आता! कानात कुर्र करा आणि नाव सांगून मोकळ्या व्हा."

नाव फक्त हर्षदालाच ठाऊक होतं. आत्याच्या आधी ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून निघालं, तर त्याच्याच अंगाला चिकटलं असतं आणि पोर गेली असती आभाळात.

आता एवढ्या आत फोन लागतो कसा म्हणाल, तर जहाजाजहाजांतून. प्रत्येकाच्या डोलकाठीवर एक डबा असतो. हा डबा बोलणं त्या डब्याकडे ढकलतो, तो पुढच्याकडे, असं करत किनाऱ्यापर्यंत. बारशाला कुंची घातलेला वरवंटा बायका पाळण्याखालून-वरून हातोहात देतात ना, अगदी तस्संच. मधला एक हात बाजूला झाला की संपलं.

आणि नेमकं त्याच दिवशी मधलं एक जहाज निघून गेलं. समुद्रात फट पडली. ती कशानं तरी भरायला हवी, म्हणून डब्यानं हर्षदाच्या जहाजातली जागा घ्यायला सुरुवात केली. आधी जेवणाची खोली गेली. आचारी झारा हातात घेऊन बाहेर उभा राहिला.

कॅप्टन कर्णिक म्हणाले, "डोर्लेकर, जेवणाची खोली गेली."

"हो सर. घरी बारसं आहे."

"लवकर आटपा. इंजिन मला लागेल."

हर्षदा आपल्या खोलीत जाऊन फोनमध्ये कुर्र म्हणाली. ते फटीवरून गेलं, जहाजं ओलांडत शेवटच्या मच्छीमार बोटीवर पोचलं. तिथून बाळा तांडेल बोलला.

"पोरी, कुर्र आला. नाव मलाच सांग, मी पोचवतो. जाळं वढायचंय आमाला."

"तात्या, तुम्ही तिची आत्या आहात का?"

"न्हाय बा."

"मग कानात बोटं घाला. आणि जागचे हलाल तर बघा!"

पोरगी भारी खमकी! तांडेलानं निमूट कानात बोटं घातली. सुकाणूला हात उरला नाही, तेव्हा ते त्यानं गुडघ्यांत धरलं. त्याचं बघून मधल्या सगळ्या जहाजांवरच्या माणसांनी कान झाकले.

इकडे जिना गेला, गोदाम गेलं. हर्षदाच्या खोलीच्या भिंती आत सरकल्या. टेबल दुमडून भिंतीत शिरलं. तिची पाठ भिंतीला लागली आणि गुडघे हनुवटीला.

"वन्सं, दोरी ताणलीय! एक कौल सरकलं!" वहिनी रडायला लागली.

बाहेरून कॅप्टन म्हणाले, "डोर्लेकर, आता इंजिन आणि तुमची खोली, एवढंच उरलंय."

"इंजिन राहू दे सर. खोली घ्या."

भीती तिलाही वाटत होती. खोटं कशाला बोला? पण पोर भावाची होती, आणि हर्षदा तिला सुटू देणार नव्हती म्हणजे नव्हती. समोरची भिंत कपाळाला टेकली. तिनं फोन ओठांशी धरला आणि हळूच, कानात सांगावं तसं, म्हणाली, "मृण्मयी."

नाव गेलं.

मग तिच्या पाठीत दणकन धपाटा बसला. नाव सांगितलं की आत्याला धपाटे मिळतात, ती रीतच आहे. मागे लोखंडी भिंत होती, तरी बसला. पहिला वहिनीचा, बांगड्यांसकट. दुसरा आईचा, हळदीच्या वासाचा. मग शेजारणींचे. हर्षदाला हसू फुटलं. सगळ्यांत शेवटी एक एवढासा, ओला हात पाठीवर आपटला आणि त्यानं तिचा शर्ट मुठीत धरला.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "दोरी सैल पडली."

मूठ सोडेना, आणि तिला हळूहळू वजन येत होतं.