मुका डायल

एसीचा पांढरा डायल, कडेने पिवळा पडलेला, बावीस ते सव्वीसचे आकडे तर बोटांनी पार पुसून गेलेले – झाकण उघडायचीही गरज नव्हती, मागे तार नाही हे त्याला ठाऊक होतं, कारण अकरा वर्षांपूर्वी तो भिंतीवर ठोकला होता त्यानेच. नुसताच. हातातल्या यादीत दोन रकाने: चालू, मुका. ‘मुका’ हा शब्दही त्याचाच. नव्या इंजिनियर मॅडमना आवडला, त्यांनी तसाच छापून आणला. पाचपर्यंत यादी द्यायची. मग मुके डायल निघणार, छतात सेन्सरचे डोळे बसणार, माणूस असेल तिथेच गारवा सोडणार. चांगलंच आहे की. पंचवीस वर्षं या इमारतीचा एसी चालवताना रिकाम्या सभागृहांतून स्वेटर घालून फिरलेला माणूस तो, त्याला हे कोणी पटवून द्यायला नको होतं.

पण हा डायल रेकॉर्ड विभागातल्या बाईंचा. तेव्हा दर तासाला त्यांची तक्रार – उकडतंय, जीव घाबरा होतोय. तो म्हणायचा, बघतो. बघतो म्हणजे खाली मशीनपाशी जाऊन चहा पिणं. शेवटी साहेबांची बोलणी बसली, तेव्हा शिडी आणून त्याने हे सोंग उभं केलं, वर आणखी बजावलं, हळूहळू फिरवा हं, एकदम नको. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, “आता बरं वाटतंय.” तो पोट धरधरून हसला होता. घरी बायकोलाही रंगवून सांगितलं… ती हसली नव्हती.

आणि मग अकरा वर्षं बाईंनी दिसेल तिथे थांबवून म्हणायचं, तुमच्यामुळे हो. आज ‘मुका’ लिहिलं की उद्या सगळ्या मजल्यादेखत ते झाकण निघणार. ‘चालू’ लिहिलं तर मॅडम दोन मिनिटांत पकडणार. त्याला लाज वाटत होती, सरळसरळ लाज.

“काढणार का हो तो?” फायलीतून मान वर न करता बाईंनी विचारलं.

“बघतो.”

“तार नाही त्याला. तेवढं लिहायला विसरू नका.”

“तुम्हाला… कधीपासून?”

“भिंत रंगवली तेव्हाच हातात आला माझ्या. मीच परत लावून घेतला.”

“मग रोज फिरवत होतात ते?”

“तुम्ही शिडी घेऊन आला होतात ना. त्याआधी नुसतं बघतो म्हणायचात.” त्यांनी पान उलटलं. “उकडायचं ते उकडतंच होतं.”

त्याने ‘मुका’वर खूण केली. जिना उतरताना – तिसरा मजला, दुसरा – त्याला आठवलं, हिवाळ्यात बायको म्हणाली होती, जिना चढताना छातीत भरून येतं. तो म्हणाला, बघतो. मग एक टेबलफॅन आणला, तिच्या उशाशी ठेवला, तोंड तिच्याकडे फिरवलं. सकाळी ती म्हणाली, आता बरं वाटतंय. हेच शब्द. रोज विचारलं की हेच… आणि डायलची गोष्ट तर तिला माहीत होती.

मशीनपाशी उभं राहून त्याने घरी फोन लावला. पलीकडे घंटी वाजत होती. ती उचलेल, तो विचारेल, कसं वाटतंय. आणि ती काय म्हणेल हे त्याला पाठ होतं. यादी हातात चुरगळत होती, पाचाला अजून वेळ होता, आणि तिने ते म्हणू नये असं त्याला वाटत होतं.