चेन गावचा माणूस

“अडतीस पॉइंट चार.”

मनोरमा सिस्टरने थर्मामीटर झटकला आणि पुन्हा लावला. पुन्हा तेच. स्टुलावर बसलेल्या चेनने तिच्या चेहऱ्यावरूनच काय ते ओळखलं. दवाखान्याच्या दाराबाहेर ताप मोजायला रांगेत उभी असलेली माणसं दोन पावलं मागे सरकली.

दुबईतल्या रास अल खोरच्या त्या मार्बल फॅक्टरीत एकशे दहा कामगार होते आणि त्यांत चिनी एकटा चेन. दोन हजार तीनचा एप्रिल चालू होता. चीनमधल्या त्या नव्या तापाच्या, सार्सच्या, बातम्या रोज टीव्हीवर येत होत्या. इथे कुणाला झाल्याचं ऐकिवात नव्हतं, तरी दुकानांतले मास्क संपले होते. त्यात आठवड्यापूर्वी मशीन बसवायला चीनहून आलेला इंजिनिअर दोन दिवस चेनच्याच खोलीत राहून गेला. तेव्हापासून चेनची खाट व्हरांड्यात आली होती आणि ताट वेगळं झालं होतं.

मनोरमाही त्याच्यापासून लांब राहू लागली होती. दोन वर्षांपूर्वी तिचा गुडघा धरला, तेव्हा “सिस्टर, गोली नहीं. पहले खड़ा होना सीखो,” म्हणत त्यानेच तिला ‘ताई ची’ ही चिनी युद्धकला शिकवायला घेतलं होतं. शिफ्ट सुरू होण्याआधी, लाद्यांच्या चळतींमागे.

“हमारा गाँव में सब आदमी चेन,” तो कामगारांच्या कॅम्पमध्ये शिकलेल्या हिंदीत सांगायचा. साडेतीनशे वर्षांपूर्वी त्यांचा एक पूर्वज सैन्यात होता. राजघराणं बुडालं, तसा तो गावी परतला. दिवसभर शेती करायचा आणि उरलेल्या वेळात लढाईतले हात आठवून ही चाल बसवायचा. पुढे दोनशे वर्षं ती गावाबाहेर गेली नाही. मग यांग नावाचा एक परका माणूस ती शिकला, राजधानीत घेऊन गेला, आणि जगाला फक्त संथ हालचाली माहीत झाल्या. “हमारा वाला अलग.” कोशातून रेशीम ओढावं तसे त्याचे हात गोल फिरत. घाई केली तर धागा तुटतो, थांबलं तर गुंततो. आणि मध्येच पाय असा आपटायचा की लादीवरची धूळ उडायची.

तिच्या नवऱ्याने, वासुदेवांनी, मात्र गेल्या आठवड्यात निक्षून सांगितलं होतं, “मनू, ते हातवारे आता बंद. घरात पोरगी आहे.” लेक काव्याही म्हणाली होती, “मम्मा, प्लीज. इट्स नॉट वर्थ इट.” मनोरमाने ऐकलं होतं.

आता तिचं पेन कागदावर अडलं. सदतीस लिहिलं असतं तरी कुणी विचारणार नव्हतं.

“लिखो, सिस्टर,” चेन म्हणाला. “सौ आदमी है इधर.”

तिने लिहिलं. मॅनेजर नीरवने कागद लांबूनच वाचला. “खलास. व्हॅन बोलावतो. तुम्ही त्याला गेटपर्यंत आणा, प्लीज.”

गेटपाशी साठ-सत्तर जण जमले होते. कुणी ओरडत नव्हतं, त्याचीच मनोरमाला जास्त भीती वाटली. चेन पुढे, ती दोन पावलं मागे. दगड कापायच्या मशीनवरचा कमरुद्दीन हातात लाकडी फळी घेऊन आडवा आला.

“इधर से नहीं. पीछे से निकल!”

“कमरुद्दीन, व्हॅन इधरच खडी है,” मनोरमा म्हणाली.

त्याने ऐकलं नाही. फळी चेनच्या छातीवर रोखून जोरात रेटली. चेन मागे हटला नाही की त्याने उलट जोरही लावला नाही. फळीला मनगट टेकवून तो कमरेतून जरासा वळला, आणि कमरुद्दीनचा सगळा रेटा रिकाम्या हवेत गेला. तो तोंडावर आपटणार, तोच चेनने त्याला कोपरापाशी धरून उभं केलं. कमरुद्दीन किंचाळून मागे सरला आणि नळाखाली हात धरून खसाखसा घासत राहिला. व्हॅनचं दार लागेपर्यंत तो घासतच होता.

सहाव्या दिवशी सरकारी हॉस्पिटलमधून फोन आला.

“सिस्टर, तो आजार नाहीये,” डॉक्टर इंग्रजीत म्हणाले. “न्यूमोनिया होता. पण फुफ्फुसं दगडाच्या धुळीने भरलीयत. हा माणूस किती वर्षं खोकतोय?”

तिने फाइल उघडली. तीन वर्षं. प्रत्येक नोंदीपुढे तिच्याच अक्षरात ‘कफ सिरप’ लिहिलेलं होतं.

चेन परत आला नाही. कंपनीने त्याची बॅग हॉस्पिटलमध्ये पाठवली आणि तिथूनच त्याला विमानात बसवलं. त्याचा पत्ता मागितला तर नीरव म्हणाला, “चेन गाव, चीन. यापेक्षा जास्त मलाही माहीत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत पहिला कमरुद्दीन होता. सवयीने त्याने थर्मामीटरसाठी तोंड उघडलं.

“शर्ट निकालो,” मनोरमा म्हणाली.

“सिस्टर, फक्त टेम्परेचर,” दारातून नीरव म्हणाला. “छाती बघायला कुणी सांगितलंय?”

तिने स्टेथोस्कोपची चकती तळहातात धरून गरम केली आणि कमरुद्दीनच्या पाठीला लावली.

“लंबी साँस लो.”

बाहेर कटर सुरू झाला. तिने डोळे मिटले. “फिर से.”

वाळक्या पानांवरून कुणीतरी हलके चालत यावं, तसा आवाज होता.

“क्या है, सिस्टर?” कमरुद्दीनने विचारलं. “बुखार है क्या?”

“बुखार नहीं, धूल. बैठो,” ती म्हणाली. कोरा कागद पुढे ओढून तिने सर्वांत वर त्याचं नाव लिहिलं आणि दाराबाहेरच्या रांगेकडे पाहिलं.