एकोणीस नंबरची पेटी

कोळशाच्या खाणीवर सगळे त्याला दगडोबा म्हणत. तीस वर्षं ड्रिल मशीन चालवून तो निवृत्त झाला, तेव्हा त्यानंच जमिनीतून उपसलेल्या दगडांवर त्याला राखणदार म्हणून बसवलं. पत्र्याची लांबलचक शेड, तीत आढ्यापर्यंत पेट्या, पेट्यांत दगड तपासायला पाडलेल्या बोअरमधून निघालेल्या दगडाच्या गोल कांड्या, आणि कोपऱ्यात याची खाट. बायको जाऊन सात वर्षं झालेली. मुलीचा फोन यायचा, पण हा 'हॅलो' म्हणेपर्यंत तिची घाई सुरू व्हायची.

मग नवी जिऑलॉजिस्ट बाई आली. खाली बोगदा काढायचा होता म्हणून रोज दगड तपासायची. याच्या कळकट कपातला चहा नाक न मुरडता प्यायची.

"काका, मुलगी कधी येतेय?"

"येईल की. विमान विकत घ्यायचं तेवढं राहिलंय तिचं."

ती खळखळून हसली. त्या शेडमध्ये हसणं कित्येक वर्षांत घुमलं नव्हतं.

चौथ्या दिवशी तिनं एकोणीस नंबरच्या बोअरची पेटी उघडली. "वा काका! एक तुकडा कमी नाही. पक्का दगड. इथूनच नेऊ बोगदा, परवापासून."

त्यानं हातातला कप खाली ठेवला.

अठरा वर्षांपूर्वी याच बोअरमध्ये एकशे बारा मीटरवर मशीनमधून आत सोडलेलं पाणी एकाएकी गडप झालं होतं. नळीत दगड आलाच नाही, नुसता चिखल. खाली थर फुटलेला होता आणि त्यात पाणी होतं. दगड आला नाही तर पेटीत तेवढी जागा सोडून लाकडी ठोकळा ठेवायचा असतो. पण साहेबाला भरलेली पेटी हवी होती. "भर रे कुठलाही," म्हणाला, आणि यानं भरला. साहेब बढती घेऊन गेला. आता त्या पाण्यात बुडायला जे चाळीस जण बोगद्यात उतरणार होते, त्यांना पेटी कुणी दाखवलीही नव्हती.

नोकरी जाईल, खाट जाईल, हे त्यानं एकवार पचवलं. 'काका' जाईल, हे पचेना. चाळीस माणसांच्या जिवापुढे आपल्याला हे सुचतंय, याची त्याला शिसारी आली.

"ताई, हे एकोणीसचे दगड नाहीत."

त्यानं अठरा नंबरची शेवटची पेटी ओढून काढली. तिच्यातली तळाची कांडी आणि एकोणीसमधली एक, तोंडाला तोंड लावून धरली. तुटलेल्या कडा अशा बसल्या की फट दिसेना.

"मीच भरले. तिथं पाणी आहे."

तिनं सांध्यावरून बोट फिरवलं. "अठरा वर्षं गप्प बसलात?"

यानं दोन्ही कांड्या खाली ठेवल्या.

बोगदा थांबला. तिनं शेजारी नवं बोअर घेतलं, तर एकशे बारावर पुन्हा पाणी गडप, पुन्हा चिखल.

नंतर ती एकदाच आली, कागद घेऊन. यानं दोन कप चहा ओतून ठेवला होता. ती उभ्यानंच म्हणाली, "इथं सही करा. शेड आठ दिवसांत सोडायची आहे."

ती गेल्यावर त्यानं फळीचा तुकडा तासला, त्यावर लिहिलं, 'दगड मिळाला नाही', आणि एकोणीसमधल्या उसन्या कांड्या काढून त्या जागी ठेवला. तो पेटीत मापात बसला. हे दाखवायला त्यानं मान वर केली, तर शेडमध्ये कुणी नव्हतं.